ड्रायव्हरमधलं जुनं पॅकिंग

गुरुवार, रात्र

आज नेटवर्क ड्रायव्हरमधला जुन्या व्हर्टिओचा सगळा भाग काढला. बरेच महिने मनात होतं. आमची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम कारखान्यातल्या कंट्रोलरवर चालते, पण चाचणीसाठी आणि काही गिऱ्हाइकांकडे ती व्हर्च्युअल मशीनमध्येही चालवावी लागते. तिथं खरं नेटवर्क कार्ड नसतं, व्हर्टिओचं आभासी कार्ड असतं, आणि त्याच्याशी बोलणारा हा ड्रायव्हर.

व्हर्टिओ म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमनं आभासी कार्डाशी, डिस्कशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. ते रस्टी रसेल यांनी सुरू केलं. लिनक्सच्या २.६.२४ मध्ये, म्हणजे जानेवारी २००८ मध्ये, ते लोकांच्या हाती आलं. ओॲसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेकडून १.० आवृत्ती आली ती नंतर. मधल्या वर्षांत जे डिव्हाइस निघाले त्यांना आता 'लेगसी' म्हणतात, आणि त्यांच्या प्रत्येक सवयीसाठी आमच्या कोडमध्ये एक एक 'इफ', म्हणजे अट, होती.

इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टूल सेंटरला आलं नाही की खाली पत्र्याचं पॅकिंग घालतात. पुढं टूल बदलतं आणि पॅकिंग तसंच राहिलं तर नवं टूल सेंटरच्या वर जातं. ते पॅकिंग घालणाऱ्यानं त्या दिवशी बरोबरच केलेलं असतं. आमच्या कोडबद्दलही माझं तेच मत आहे. ज्यानं हे 'इफ' लिहिले, त्यानं समोर होतं त्या डिव्हाइसवर गाडी चालवून दाखवली.

सकाळी सगळ्यात आधी हात घातला तो कॉन्फिगरेशन वाचण्याच्या फंक्शनला. लेगसी पीसीआय डिव्हाइसमध्ये मॅक पत्त्यासारखी (कार्डाच्या ओळख-क्रमांकासारखी) माहिती विसाव्या बाइटपासून सुरू होते. पण एमएसआय-एक्स इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची एक पद्धत) चालू केले की तीच माहिती चोविसाव्या बाइटवर सरकते. म्हणजे तोच पत्ता, त्याच कार्डाचा, इंटरप्ट चालू करण्याआधी वाचला तर एका ठिकाणी आणि नंतर वाचला तर दुसऱ्या. ज्याला हे ठाऊक नाही त्यानं दोन ओळींचा क्रम बदलला की मॅक पत्ता चुकीचा येणार, आणि कारण शोधताना रात्र जाणार. १.० मध्ये ही माहिती स्वतःच्या वेगळ्या जागी असते, सरकत नाही. ते फंक्शन आता इतकं लहान झालंय की ते वाचताना मला खरोखर समाधान वाटलं.

पॅकेटच्या हेडरचंही असंच. लेगसीमध्ये हेडर १० बाइटचं. बफर एकत्र जोडायची सोय घेतली तर १२. १.० मध्ये कायम १२. हा दोन बाइटांचा हिशोब चुकला तर प्रत्येक पॅकेट दोन बाइटांनी सरकतं, गंतव्य पत्त्याचे पहिले दोन बाइट भलतेच होतात आणि वरच्या थराला वाटतं की हे पॅकेट आपल्यासाठी नाहीच. कुठंही एरर दिसत नाही, फक्त नेटवर्क मुकं होतं. हे हेडर किती बाइटचं, हे ठरवणारी अट आमच्याकडे पाच वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली होती. आता एकच स्थिरांक आहे.

बाइटांच्या क्रमाचं रूपांतर करणारे मॅक्रो लगेच निघाले. लेगसीमध्ये क्रम गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमच्या, प्रोसेसरप्रमाणे, १.० मध्ये नेहमी लिटल-एंडियन, म्हणजे सगळ्यात लहान किमतीचा बाइट आधी.

दुपारी टीममधला धाकटा पोरगा शेजारी खुर्ची ओढून बसला. हुशार आहे, घाईत आहे. म्हणाला, "दादा, मग कार्डाचा हेक्स १००० हा आयडीपण उडवू की? तो जुन्याचाच न्हवं?" मी म्हटलं, थांब लेका. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते म्हणून इथं लिहून ठेवतो. नव्या नेटवर्क कार्डाचा आयडी हेक्स १०४१, हे खरं. पण दोन्ही भाषा बोलणारं संक्रमणी डिव्हाइस हेक्स १००० हाच आयडी दाखवतं, आणि क्येमू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, जुन्या पद्धतीच्या पीसी मशीनवर तसंच कार्ड देतं. आयडीवरून काही ठरवायचं नाही. बत्तीस क्रमांकाचा व्हर्जन-वन बिट, म्हणजे 'मला १.० येतं' ही खूण, डिव्हाइस देऊ करतं का, एवढंच बघायचं. तो आयडी उडवला असता तर उद्या निम्म्या गिऱ्हाइकांचं चांगलं चाललेलं नेटवर्क बंद पडलं असतं.

आणि बिट नसेल तर? यावर आमच्यात वाद झाला. त्याचं म्हणणं, जमेल तेवढं चालू ठेवावं. मला ते पटत नाही. अर्धवट चालणारा ड्रायव्हर न चालणाऱ्यापेक्षा वाईट. म्हणून आता ड्रायव्हर स्टेटसमध्ये १२८, म्हणजे 'फेल्ड', लिहितो, लॉगमध्ये कारण स्पष्ट सांगतो आणि थांबतो. क्येमूला 'डिसेबल-मॉडर्न' चालू करून फक्त लेगसी कार्ड द्यायला लावलं आणि हे तपासलं. संदेश नीट आला.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे वाक्य मी आमच्या भागात लहानपणापासून ऐकतो, आणि यंत्राच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण हा कोड चालत नव्हता. आमच्या प्रत्येक चाचणीत डिव्हाइस १.० बोलत होतं. लेगसीची वाट कुणी तुडवतच नव्हतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला जुना सर्व्हर हे तिचं शेवटचं कारण होतं, आणि तो बदलल्याचं त्यांच्याकडून लेखी आल्यावरच मी सुरुवात केली.

प्रत्येक 'इफ' वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) काढलाय, आणि तो कशासाठी होता हे प्रत्येक संदेशात लिहिलंय. चोवीस आणि वीस बाइटांची गोष्ट कोडमधून गेली, पण इतिहासात कुणालाही सापडेल. संदेश लिहायला कोड काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. तो वेळ मला योग्य वाटतो.

आता राहिला ब्लॉक ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा. तिथं लेगसीत १६ बाइटचं हेडर स्वतंत्र डिस्क्रिप्टरमध्ये (बफर कुठं आहे हे सांगणाऱ्या नोंदीत) आणि शेवटचा एक स्टेटस बाइटही स्वतंत्रच, अशी सक्ती होती. १.० मध्ये ती नाही, तरी मी मांडणी तशीच ठेवणार आहे, कारण ती वाचायला सोपी आहे. डिस्कचा आकार दोनदा वाचून जुळवणारा लूप मात्र जाईल. त्यासाठी आता माहिती बदलली की बदलणारा कॉन्फिगरेशनचा पिढी-क्रमांक आहे. सोमवारी त्या पोरालाच पहिला कमिट करायला सांगितलंय, आणि संदेश आधी लिहायला.