दहा कोबोल्ड आणि एक चिठ्ठी

"रात्री रेड आहे, पोशनं करून ठेव," असा दादाचा मेसेज आला होता, म्हणून दुपारी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम उघडला. जुनाच, क्लासिक, म्हणजे पहिल्या रूपातला. रेड म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून करायची मोठी लढाई, आणि तिच्यासाठी पोशनं, म्हणजे औषधं करायची तर आधी तासभर रानोमाळ हिंडून झाडपाला गोळा करायचा. माझी ६० लेव्हलची मेज, म्हणजे जादूगारीण, समोर उभी होती. खांद्यांवर तिच्या डोक्याहून मोठी दोन कवचं, चेहऱ्यावर 'चल, निघूया ना' असा भाव. आणि तिच्या बाजूला ते बटण होतं. नवीन पात्र.

अर्ध्या तासाने मी नॉर्थशायरच्या मठासमोर साध्या सदऱ्यात उभी होते आणि डेप्युटी विलेमच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह, म्हणजे 'तुझ्यासाठी काम आहे' ही खूण, तरंगत होतं. त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं नाव ठरवण्यात गेली, हे वेगळं सांगायला नको.

सारखी नवी पात्रं काढत बसणाऱ्या माझ्यासारख्यांना गेमर मंडळी ऑल्टोहोलिक म्हणतात. सगळे सर्व्हर मिळून माझी चौदा पात्रं आहेत, आता पंधरा. त्यातली दोन मोठी झाली. बाकीची नऊ-दहा लेव्हलला अडकून पडली आहेत. कुणी मेलेलं नाही, मीच त्यांना सोडून दिलं. दादाच्या मते हा चिकाटीचा अभाव आहे. असेलही. पण मला सुरुवातीची ती हिरवी दरी सोडवत नाही, हे त्याला कसं सांगू?

खरं तर तिथे काही नसतंच. चहूबाजूंनी डोंगर, एक मठ, एक द्राक्षांचा मळा, एक खाण आणि बाहेर जाणारी एकच वाट. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मार्शल मॅकब्राइड सांगतो, १० कोबोल्ड, म्हणजे उंदरासारखे बुटके प्राणी, मारून ये. एगन म्हणतो, लांडग्यांचं मांस आण, ८ तुकडे. मिली म्हणते, माझी द्राक्षं चोरांच्या मळ्यात अडकली आहेत, ८ पेट्या. बस. जगबुडी नाही, भविष्यवाणी नाही, 'तूच ती निवडलेली' नाही. कामं सांगणारी माणसं आणि रिकाम्या हाताची मी.

दहा डुकरं मारा, आठ कातडी आणा, अशा क्वेस्टना, म्हणजे कामगिऱ्यांना, लोक नावं ठेवतात. कंटाळवाण्या असतात म्हणे. मला मात्र त्या प्रामाणिक वाटतात. पुढे चाळिसाव्या-पन्नासाव्या लेव्हलला जो भेटेल तो 'हे वीरा, तुझ्याशिवाय आमचं कोण आहे' म्हणतो, आणि तेवढ्यात मागे रांगेत आणखी सहा वीर उभे असतात. एगनला माझ्याकडून फक्त मांस हवं असतं. आणून दिलं की तो दोन वस्तूंतली एक निवड म्हणतो. संपला व्यवहार.

आमची सुरुवात सुट्टीत झाली, मावशीच्या घरी. कॉम्प्युटर दादाचा, म्हणजे मावसभावाचा. माऊसही त्याचाच. मला शेजारी स्टूल. वाटणी अशी होती की मारायचं त्याने आणि वाचायचं मी. क्वेस्टचा मजकूर त्याला नको असायचा, "किती मारायचे तेवढं सांग." मी मात्र मांडीवर डिक्शनरी घेऊन एकेक शब्द शोधायची. पहिल्याच कामगिरीत 'व्हर्मिन' आला, कोबोल्ड व्हर्मिन. डिक्शनरी म्हणाली, उपद्रवी प्राणी. मला वाटलं, त्रास देणारं पण लाडकं, खोडकर, असं काहीतरी असणार. शाळा सुरू झाल्यावर 'माय हॉलिडेज'वरच्या निबंधात मी लिहिलं, 'माय कझिन्स आर व्हर्मिन.' बाईंनी लाल गोल करून समोर प्रश्नचिन्ह काढलं. ते पाहून माझ्या मनात आधी आलं की क्वेस्ट पूर्ण झाली, कारण काम झालं की उद्गारचिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. दादाला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

त्या कोबोल्डांच्या डोक्यावर पेटती मेणबत्ती असते आणि मारायला गेलं की ते ओरडतात, "यू नो टेक कँडल!" दादा हसून हसून लोळायचा. मला तेव्हाही कळत नव्हतं की आपण यांच्या मेणबत्तीला हात तरी कधी लावला. मग दरीतून बाहेर पडून गोल्डशायरला पोचलो, तर तिथल्या विल्यम पेसलने सांगितलं, कोबोल्डांच्या ८ मेणबत्त्या आण. म्हणजे ते बिचारे आधीपासून खरंच बोलत होते! क्वेस्ट लिहिणाऱ्याला मी तिथे मनातून हात जोडले.

या लिहिणाऱ्यांचं एक मला फार आवडतं. जेफ कॅप्लन त्या खेळाच्या प्रमुख डिझायनरांपैकी एक. २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याने चक्क आपल्या चुकांचा पाढा वाचला. स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात एका पुस्तकाची फाटकी पानं गोळा करायची ती कुप्रसिद्ध क्वेस्ट आपणच लिहिली आणि ती भयंकर होती, हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. (माझ्या मेजच्या पेटीत त्यातली नऊ पानं अजून आहेत. कुणाला हवी असतील तर न्या.) त्याच भाषणात त्याने सांगितलं की क्वेस्टच्या मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा होती. पाचशे अकरा. त्यात माणूस उभा करायचा, त्याचं दुखणं सांगायचं आणि काम गळ्यात मारायचं. लग्नपत्रिकेतसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

आणि तेवढ्यात काय काय बसवलं आहे! गोल्डशायरच्या दक्षिणेला दोन मळे आहेत, मॅक्लुअर आणि स्टोनफिल्ड. दोन्ही घरांचं हाडवैर. मॅक्लुअरांची मेबेल एक चिठ्ठी देते, ती नदीकाठी उभ्या स्टोनफिल्डांच्या टॉमी जोला पोचवायची. तो वाचून हवालदिल होतो आणि म्हणतो, माझ्या आजीला विचार. आता शत्रूच्या घरातली आजी ती, ओरडायला हवी. पण आजी फितूर! ती पेसलच्या नावाने चिठ्ठी देते. पेसल म्हणतो, मर्लॉक नावाच्या माशांसारख्या प्राण्यांकडून शेवाळाचे ४ तुरे आण, मी अदृश्य व्हायचं औषध करून देतो. ते घेऊन परत मेबेलकडे जायचं, म्हणजे तिला घरच्यांच्या डोळ्यांदेखत निसटता येईल. एवढ्या खेपा घालून मला मिळतं काय, तर थोडे अनुभवगुण आणि असलंच काहीबाही. पण आयुष्यात कुणाचं तरी जुळवून दिल्याचं समाधान मिळालं ते तेवढंच.

पुढे २०१० साली खेळाचा कॅटॅक्लिझम नावाचा नवा भाग आला आणि नॉर्थशायरमधले कोबोल्ड गेले. त्यांच्या जागी ऑर्क नावाचे राक्षसी योद्धे आले आणि मळ्याला आग लागली. पहिल्या पाच मिनिटांतच थरार हवा, असं कुणीतरी ठरवलं असणार. २०२० पासून तर नवख्यांसाठी एक्झाइल्स रीच नावाचं वेगळं बेटच आहे. जहाज फुटतं, बेटावर सगळं शिस्तीत शिकवतात आणि दहाव्या लेव्हलला बाहेर काढतात. नेटकं आहे, तक्रार काही नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी असतं ना, हा पंखा, हे पाण्याचं, इथे सही करा, तसं.

मी एकटीच अशी नाही, याचा पुरावाही आहे. २००५ च्या गिल्ड वॉर्स या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीला अ‍ॅस्कलॉन नावाचा सुंदर देश होता. झाडं, ओढे, आणि ग्वेन नावाची एक लहान मुलगी, जिला लाल आयरिसची फुलं आवडायची आणि जी मागे मागे यायची. एका ठरावीक टप्प्यानंतर पुढे गेलात की सगळा देश जळून जायचा आणि त्या पात्राला परत कधीच येता यायचं नाही. तर काही लोक पुढे गेलेच नाहीत. तिथेच राहून त्यांना विसाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचायचं होतं. पण तिथली जनावरं इतकी दुबळी की काही काळाने त्यांना मारून काहीच मिळेना. मग या लोकांनी काय करावं? जनावरांकडून स्वतःला मारून घ्यायला सुरुवात केली. मारता मारता जनावराची लेव्हल वाढायची, मग त्याला मारायचं. दिवसच्या दिवस. शेवटी बनवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक किताबही ठेवला, लेजंडरी डिफेंडर ऑफ अ‍ॅस्कलॉन. ज्यांनी पुढे पाऊल टाकलं त्यांना दोन वर्षांनी, २००७ च्या भागात, ग्वेन मोठी झालेली भेटली. कैदेतून सुटलेली, कडवट, हसू विसरलेली. मी तो भाग थोडा खेळले आणि बंद केला.

संध्याकाळी दादाचा फोन. "पोशनं झाली?"

"नाही रे. नऊ लेव्हल झाली."

"कसली नऊ?" मग त्याच्या लक्षात आलं. "परत? अगं, तुला ठाऊक आहे ना पुढे काय होतं?"

ठाऊक आहे. पिशवीत मेबेलची चिठ्ठी आहे. ती पोचवली, शेवाळ आणलं, औषध तिच्या हातात ठेवलं, तरी पाच मिनिटांनी येऊन पाहावं तर बाई तिथेच, पुढच्या खेळाडूला तीच चिठ्ठी देत उभी. म्हणून या खेपेला मी ती दिलेली नाही. देईन कधीतरी. टॉमी जो कुठे जातोय, नदीवरच उभा असेल.