गाळातल्या साड्या, भिंतीवरची वाकळ : आमची वाटचाल

लोक विचारतात मॅडम कोर्स कुठं केला, तर कोर्स-बिर्स काही नाही, जुन्या कापडावर सुई-दोऱ्यानं चित्रं शिवायचा आमचा हा धंदा चिखलातनं सुरू झाला. ऑगस्ट २०१९ चा पूर, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आणि आमचं घर सांगलीत गावभागात, म्हणजे विचारूच नका. मी तेव्हा घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज करायचे. घाईघाईत गिऱ्हाइकांच्या साड्या तेवढ्या माळ्यावर टाकल्या, आपल्या राहिल्या खाली ट्रंकेत. पाणी ओसरल्यावर उघडून बघतोय तर सासूबाईंच्या सुती नऊवारी सगळ्या गाळानं माखलेल्या, एकीचा रंग दुसरीला लागलेला. तीन-तीनदा धुतल्या, वास गेला, डाग काही जाईनात. नेसता येईनात आणि टाकवेनात पण. सासूबाई म्हणाल्या, वाकळ शिव.

वाकळ म्हणजे गोधडीच, आमच्याकडं वाकळ म्हणतात. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्यानं पार या टोकापासनं त्या टोकापर्यंत शिवत जायचं. तर एका ठिगळावर गाळाचा डाग असा पडला होता की तो पुराच्या पाण्यासारखाच दिसत होता, गंमत म्हणून मी त्याच्यावर काळ्या दोऱ्यानं एक नाव काढली, मग नावेत आमचा दूधवाला बसवला, त्याच्यापुढं कॅन. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कॅन दोन होते, तू एकच काढलायस." दुसरा कॅन काढला, आणि मग हात थांबलाच नाही. गच्चीवर भांडी घासणाऱ्या बायका, दोरीवर वाळत घातलेली मुलांची दप्तरं, सगळं त्याच वाकळेवर आलं. ती वाकळ विकायची नाही, कितीही पैसे दिले तरी.

चित्रकलेत मी शाळेपासनं कच्ची. नाक-डोळे जमायचे नाहीत म्हणून चेहरे कोरे सोडले, आता लोक त्याला तुमची स्टाईल म्हणतात आणि आम्ही पण हो म्हणतो! पण चेहरा नसला की बाकीचं नीट बघावं लागतं. भाजीवाली पैसे मोजताना पिशवी कुठल्या काखेत धरते, म्हातारं माणूस जिना चढताना आधी कुठला पाय टाकतं, हे मी आता रस्त्यात उभी राहून बघते, पोरगी म्हणते आई चल ना, लोक बघतायत.

कामाचं म्हणाल तर जुनी सुती साडी सगळ्यात चांगली, मऊ पडलेली असते, सुई लोण्यासारखी जाते. पॉलिस्टर नको वाटतं, टाक्याखालनं सरकतं. लडीच्या दोऱ्यात सहा पदर असतात, माणसाच्या कडेला आम्ही दोन पदर घेतो, केसाला एकच. आणि लाल-निळं कापड लावायच्या आधी ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची, रंग उतरला तर कापड बाद. हे शिकायला एका ताईंचा अख्खा पीस गेला, पांढऱ्या धोतरावर जांभळा ओघळ. पैसे परत दिले, वर नवीन करून दिला.

दर लावायचं मात्र लय उशिरा जमलं. पहिली फ्रेम ८०० रुपयाला दिली, नंतर मिस्टरांनी वहीत तास मांडले तर तासाला वीस रुपये सुद्धा पडत नव्हते, फॉल-पिको बरं होतं म्हणायची वेळ! आता बारा बाय अठरा इंचाला ४,५०० घेतो, दहा दिवस जातात. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं चौदा पीस विकून देतो म्हणून ठेवून घेतले, वर्षानं पाच परत आले ते काचेत उन्हानं विटलेले, बाकीच्यांचे पैसे अजून यायचेत. तेव्हापासनं माल आधी कुठं ठेवत नाही, पैसे द्या आणि न्या.

प्रदर्शनात हमखास कुणीतरी विचारतं, हे कांथा का? नाही हो. पण नातं आहे, बंगालचा कांथा काय, बिहारची सुजनी काय, जुनं कापड आणि धावदोराच सगळीकडं. मुजफ्फरपूरकडं भुसुरा गावातल्या बायका सुजनीवर हुंड्यासारखे विषय पण शिवतात. ते बघून मला धीर आला, म्हणलं देव आणि मोरच काढले पाहिजेत असं काही नाही.

आता आम्ही चौघी आहोत, शेजारच्याच बायका, दुपारी दोन ते सहा. कुरियर आणि हिशोब मिस्टरांकडं. निम्म्या ऑर्डरी घरच्या आठवणीच्या असतात, लोक गेलेल्या माणसाचं कापड पाठवतात आणि सांगतात यातनंच करा.

सध्या रिंगवर मिरजेच्या एका दादांची ऑर्डर आहे. वडील एसटीत कंडक्टर, त्यांचा खाकी शर्ट आलाय. कापड इतकं जाड की दोन सुया मोडल्या. सीन साधाच आहे, ड्युटीवरनं येऊन खुर्चीत झोपलेला माणूस, मांडीवर तिकिटाची पेटी. खिशावर शाईचा डाग आहे, तो धुवायचा नाही असं दादांनी बजावून सांगितलंय. पण खिसा उसवून आलेला, कुठल्या बाजूला लावायचा कळेना, म्हणून काल त्यांच्या आईंनाच फोन लावला. त्या पटकन म्हणाल्या, "डाव्या. आणि पेन उघडंच ठेवायचे, किती वेळा सांगितलं."


टोपण नसलेलं पेन काढायला घेतलंय.