सोळातली दहा पानं: माझ्या सी.ई.एफ. फ्रेमची यंदाची नोंद

गेल्या दिवाळीत ठरवलं होतं की ‘चीनमधल्या हिंदुस्थानी फौजेचं (सी.ई.एफ., म्हणजे चायना एक्स्पिडिशनरी फोर्सचं) टपाल, १९०० ते १९२३’ ही तिकीट प्रदर्शनातल्या एका फ्रेमची, म्हणजे सोळा पानांची मांडणी वर्षभरात उभी करायची. आज दहा पानं तयार आहेत, तीन अर्धवट आहेत, तीन कोरी. वर्षात लिलावांतल्या चार लॉटवर बोली लावली. दोन मिळाले, दोन हातचे गेले आणि मिळालेल्यांपैकी एक परत पाठवावा लागला.

चीनकडे वळलो ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर काढलेलं तिकीट एका नातेवाइकाने शाळेत असताना दिलं होतं. (आपल्या टपाल खात्याचं तिकीट १९९३ चं.) नंतर बरीच वर्षं माझा जीव १८७८ च्या मोठ्या ड्रॅगनवर होता. रॉबर्ट हार्ट यांच्या कस्टम्स खात्याने काढलेली चीनची ही पहिली तीन तिकिटं १, ३ आणि ५ कँडरिनची (कँडरिन हे तेव्हाचं चिनी चलनमाप). पातळ कागद, मग १८८२ ची रुंद समासाची छपाई, मग १८८३ चा जाड कागद, हा फरक बोटांनी आणि मोजपट्टीने ओळखायला मी शिकलो. पाच कँडरिनच्या तिकिटासाठी दोनदा बोलीही लावली. पण ड्रॅगन गोळा करणारे जगभर आहेत, त्यांच्यापुढे माझी थैली टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या तिकिटांकडे बघताना मला प्रश्न पडेनासे झाले होते. सी.ई.एफ. च्या पाकिटाकडे बघताना प्रश्न संपतच नाहीत.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९०० च्या उन्हाळ्यात बॉक्सर उठावात पेकिंगमधल्या (आजच्या बीजिंगमधल्या) परदेशी वकिलाती वेढ्यात सापडल्या. १४ ऑगस्टला वेढा उठला. तो उठवणाऱ्या फौजेत ब्रिटिश जनरल गॅसली यांच्या हाताखाली ७ वी राजपूत, १ ली शीख, २४ वी पंजाब या पलटणी आणि बंगाल लान्सर्सचे स्वार होते. फौज गेली तसं आपलं टपाल खातंही गेलं, आणि तंबूतली फील्ड पोस्ट ऑफिसं उघडली. व्हिक्टोरिया राणीच्या नेहमीच्या हिंदुस्थानी तिकिटांवर काळ्या शाईत सी.ई.एफ. ही तीन अक्षरं छापून ती तिथे विकायला ठेवली. चांदीच्या डॉलरचा आणि रुपयाचा भाव हलत असे, त्यावर तिकिटांचा सट्टा होऊ नये म्हणून ही खूण. पहिला संच ३ पैपासून १ रुपयापर्यंत दहा तिकिटांचा. हा सुटा संच मिळवणं अवघड नाही. अवघड आहे ते तिकीट पाकिटावर मिळणं, पाकिटावर दर बरोबर असणं आणि मागे पोचल्याचा शिक्का असणं.

त्यातही एक मोठी तफावत आहे, आणि माझी सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. लिलावात येणारी बहुतेक पाकिटं इंग्लंडला गेलेली असतात. त्यांवर एक आण्याचं जांभळसर तिकीट. डिसेंबर १८९८ पासून साम्राज्याच्या बऱ्याच भागांत पेनी पोस्टचा दर लागू झाला, तेव्हापासून अर्ध्या औंसाच्या पत्राला एक आणा पुरत असे. अधिकाऱ्याने आईला किंवा पत्नीला लिहिलेलं ते पत्र कुणीतरी पेटीत जपून ठेवलं, पुढे नातवंडांनी विकलं. पण फौजेतली जास्त माणसं होती शिपाई. त्यांची पत्रं पंजाबात, राजपुताण्यात, अवधच्या गावांत गेली. तिथे ती मोठ्याने वाचली गेली, हातोहात फिरली आणि संपली. म्हणून फ्रेममध्ये अधिकाऱ्यांच्या पाकिटांना मी दोनच पानं दिली आहेत. ती सुंदर असतात, शिक्के स्वच्छ असतात, तरी दोनच.

आता वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आनंदाबद्दल. फेब्रुवारीत एका परदेशी लिलावात एक लॉट होता. वर्णन एका ओळीचं: सैनिकाचं पाकीट, पत्ता देशी लिपीत, थोडं मळलेलं. छायाचित्रात अर्ध्या आण्याचं निळसर हिरवं तिकीट, त्यावर सी.ई.एफ., त्यावर एफ.पी.ओ. चा (फील्ड पोस्ट ऑफिसचा) गोल शिक्का. मागची बाजू दाखवलीच नव्हती. मी तिचं छायाचित्र मागवून घेतलं. ते आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि त्यानंतर मला झोप लागली नाही. मागे ‘चकवाल’ असा वाटपाचा शिक्का होता, ९ नोव्हेंबर १९००. पुढच्या बाजूच्या शिक्क्याची तारीख ३ ऑक्टोबर. सदतीस दिवस.

बोली लावण्याआधी स्वतःला विचारलं: हे पाकीट असंच जाऊ शकलं असतं का? फौजेच्या टपालाला देशांतर्गत दर लागू होता, अर्ध्या तोळ्यापर्यंत अर्धा आणा. म्हणजे दर बरोबर. चकवाल तेव्हा झेलम जिल्ह्यातली तहसील, आणि झेलमची माणसं पलटणींत भरपूर. म्हणजे ठिकाण बरोबर. तिकिटाची एक कड शिक्क्याच्या रेषेखाली येते आणि तीच रेषा पुढे कागदावर जाते. म्हणजे तिकीट मागाहून चिकटवलेलं नाही. बोली १४० पौंडांवर थांबली. लिलावघराचा २५ टक्के प्रीमियम धरून १७५. टपालखर्च आणि इथला सीमाशुल्काचा भाग वेगळा. नवीन मंडळींनी हे गणित आधी करावं: आपली कमाल रक्कम ठरवताना प्रीमियम आणि शुल्क तिच्यातून वजा करा, मग जे उरेल तेवढीच बोली.

पत्ता फारसी लिपीत आहे. भिवंडीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे पाकीट घेऊन गेलो. सरांनी चष्मा पुसला, पाकिटाला हात न लावता आधी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, “हा लिहिणारा सरावाचा आहे. शिपायाने स्वतः लिहिलं असेल असं वाटत नाही, मुन्शीकडून लिहवून घेतलं असावं.” पत्त्यात ‘मार्फत लंबरदार’ असं आहे. म्हणजे पत्र गावच्या मुखियाच्या हातात पडणार, तो ते घरी पोचवणार, कदाचित वाचूनही दाखवणार. आत पत्र नाही. पण पेकिंगकडच्या एका तंबूतून झेलमच्या एका ओसरीपर्यंतची साखळी या एका कागदावर पुरी दिसते. पान सहा त्याचंच आहे, आणि त्या पानावर दुसरं काहीही लावणार नाही.

परत पाठवलेल्या लॉटची हकीकतही सांगायला हवी. बारा आण्यांचं, लाल कागदावर जांभळ्या छपाईचं वापरलेलं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. घरी दहापट भिंगाखाली ठेवलं. खऱ्या तिकिटावर आधी सी.ई.एफ. छापलं जातं, मग ते विकलं जातं, मग त्यावर शिक्का बसतो. म्हणून शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असली पाहिजे. इथे ‘ई’ चा आडवा दांडा शिक्क्याच्या रेषेवरून सरळ पलीकडे गेलेला होता. म्हणजे साध्या वापरलेल्या हिंदुस्थानी तिकिटावर कुणीतरी नंतर अक्षरं छापली. शिक्क्याचा जो तुकडा दिसत होता तोही फील्ड पोस्टचा नव्हता. तज्ज्ञ समितीचं मत मागवलं, ते ‘बनावट ओव्हरप्रिंट’ असंच आलं. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण महिने गेले आणि प्रमाणपत्राचा खर्च माझ्या माथी. आता मी लिलावाच्या अटी आधी वाचतो: प्रमाणपत्रासाठी मुदत हवी असेल तर ती बहुतेक ठिकाणी लिलावापूर्वीच लेखी मागावी लागते, आणि ‘आहे तसं’ म्हणून विकलेले गठ्ठे परत घेतले जात नाहीत.

हातचे गेलेले दोन. त्यातल्या एकाची रुखरुख अजून आहे. १९०१ च्या एप्रिल-मेमध्ये, जेमतेम महिनाभर, पेकिंग ते शानहाइक्वान रेल्वे ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात असताना चीनच्या अर्ध्या सेंटच्या तपकिरी ड्रॅगनवर ‘बी.आर.ए.’ आणि पाच सेंट असं छापून तिकिटं वापरली गेली. बी.आर.ए. म्हणजे ब्रिटिश रेल्वे ॲडमिनिस्ट्रेशन. गाडी सुटायच्या वेळी टपालडब्यात टाकलेल्या पत्रासाठी हे जादा उशिराचं शुल्क. चिनी तिकीट, ब्रिटिश अक्षरं, शेजारी हिंदुस्थानी फौजेचा तळ. पान चारसाठी याहून नेमकं काही नाही. कागदाच्या तुकड्यावर, टिएनत्सिन रेल्वे पोस्ट ऑफिसच्या जांभळ्या शिक्क्यासह एक आलं होतं. मी माझी मर्यादा ठरवली होती आणि तिथेच थांबलो. किंमत तिच्या तिप्पट गेली. थांबलो याचं समाधान आहे, तिकीट गेलं याचं दुःखही आहे. चौथ्या पानावर पेन्सिलीने चौकट आखून ठेवली आहे.

पान तीन मात्र या वर्षात फार चांगलं झालं. चीन जागतिक टपाल संघात आला तो १ मार्च १९१४ ला. तोपर्यंत चीनच्या आतल्या गावातून परदेशी पत्र पाठवायचं तर एका तिकिटाने भागत नसे. बंदरापर्यंत चिनी तिकीट, पुढच्या प्रवासाला हाँगकाँग, जपान किंवा फ्रान्सचं. एकाच पाकिटावर दोन देश शेजारी बसलेले. तशी दोन पाकिटं माझ्याकडे आधीपासून होती. ती या कथेच्या सुरुवातीला, पार्श्वभूमी म्हणून, फार शोभली. फौजी टपालाला ही कटकट नव्हती हे त्यामुळे एका नजरेत कळतं.

१९०१ नंतरची पानं मी भराभर उरकली. ७ सप्टेंबर १९०१ च्या करारात पेकिंग ते समुद्र या वाटेवर परदेशी शिबंदी ठेवायचा हक्क मिळाला, म्हणून सी.ई.एफ. तिकिटंही चालू राहिली: आधी सातव्या एडवर्डची, मग पाचव्या जॉर्जची. ती सहज मिळतात. अडचण १९१४ ची आहे. चीनमधल्या जर्मन ठाण्याच्या, त्सिंगताओच्या वेढ्यात जपान्यांबरोबर ३६ व्या शीख पलटणीची अर्धी तुकडी होती. ७ नोव्हेंबरला ते ठाणं पडलं. त्या तुकडीतल्या माणसाचं एक तरी टपाल मला हवं आहे. त्यासाठी पान तेरा अजून कोरं आहे.

दुसरं कोरं पान शेवटच्या दिवसांचं. तिसरं आपल्याकडचं: मुंबई इलाख्यातल्या पलटणीही चीनला गेल्या होत्या, म्हणून मुंबई इलाख्यात आलेलं एक पाकीट हवं. पत्ता मोडीत असेल तर मी त्यासाठी माझे उरलेले सगळे ड्रॅगन विकायला तयार आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

पावसाळ्याची एक नोंद. जुलैत दोन मिंट (न वापरलेल्या) तिकिटांच्या गोंदावर तांबूस ठिपके दिसले. ती पीव्हीसीच्या जुन्या पाकिटांत होती. सगळा संग्रह पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवला, अल्बम आडवे न ठेवता उभे ठेवले, कपाटात सिलिका जेल, आणि दर पंधरा दिवसांनी कोरड्या दुपारी पानं उघडून हवा. सप्टेंबरपर्यंत नवा ठिपका नाही. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे पुढच्या पावसापर्यंत लांबवू नये.

अर्धवट पानांपैकी अकरावं वाचण्यावाचून अडलं आहे. एफ.पी.ओ. चा आकडा ३ आहे की ८, हे माझ्याकडच्या शिक्क्यावरून ठरत नाही; डावी बाजू शाईत बुडाली आहे. फील्ड पोस्ट ऑफिसं फौजेबरोबर जागा बदलत, म्हणून आकडा आणि तारीख दोन्ही पक्के झाल्याशिवाय पाकीट कुठून निघालं ते लिहिता येत नाही. तारीख २२ डिसेंबर १९०० स्पष्ट आहे. त्या आठवड्यातला या दोन आकड्यांपैकी कुठलाही स्वच्छ शिक्का कुणाकडे असेल तर त्याच्या अंकाचा मोठा केलेला फोटो मला हवा आहे. माझ्याकडचा १२०० डीपीआयचा स्कॅन मी लगेच पाठवतो.