तुम्ही विचारलंत म्हणून: रहिवास परवाना घेतला की कर थांबतो का?

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्यांचे करविषयक काम मी करते, आणि समोर बसलेली व्यक्ती कोणीही असो, प्रश्न बहुधा एकच येतो: अमुक देशात गुंतवणूक करून तिथला रहिवास परवाना मिळवला, तर सध्याच्या देशातला कर थांबेल का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. परवान्याने कर थांबत नाही. परवाना त्या देशात राहण्याची मुभा देतो; कर कुठे भरायचा हे मुख्यतः तुम्ही प्रत्यक्षात कुठे राहता आणि तुमचा संसार कुठे आहे, यावर ठरते. पहिली बाब व्हिसा देणाऱ्या खात्याची, दुसरी करखात्याची, आणि एका खात्याचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो.

पोर्तुगालचे उदाहरण घ्या. 2012 साली सुरू झालेल्या तिथल्या गोल्डन व्हिसाचे, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या रहिवास परवान्याचे, मोठे आकर्षण हे होते, की परवाना टिकवण्यासाठी वर्षाला सरासरी सातच दिवस तिथे राहावे लागे. मात्र जो माणूस सातच दिवस राहतो आणि ज्याचे नेहमीचे घर दुसरीकडे आहे, तो तिथला करनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबाने तिथला रहिवासी, होत नाही. साहजिकच नव्याने आलेल्या करनिवाशांसाठी 2009 पासून असलेली करसवलतही त्याला लागू होत नव्हती. कित्येकांनी या दोन योजना एकच समजून पैसे गुंतवले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यांना कोणी फसवले नव्हते. दोन वेगळे प्रश्न त्यांनी एका दमात विचारले होते, एवढेच.

मग दिवस मोजण्याचा मुद्दा येतो. वर्षात सुमारे इतके दिवस राहिले की अनेक देश करनिवासी धरतात, म्हणून 183 हा आकडा सर्वांना पाठ असतो, पण मोजायचे कसे हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत तुम्ही दिवसाचा काही भाग जरी हजर असलात, तरी सर्वसाधारणपणे पूर्ण दिवस धरतात. ब्रिटनमध्ये मध्यरात्री तुम्ही देशात होतात का, हे पाहतात. एका गृहस्थांनी मला खात्रीने सांगितले होते, की आपण जुन्या देशात वर्षभरात चारच महिने होतो. आम्ही टेबलावर पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि कार्डाची विवरणे पसरली आणि छापील दिनदर्शिकेवर पेन्सिलने एकेक दिवस खुणावत गेलो. शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांदरम्यानच्या, प्रवासाचे शिक्के पासपोर्टावर नव्हतेच, त्यामुळे ते दिवस हॉटेलच्या बिलांवरून लावावे लागले. संध्याकाळपर्यंत बेरीज 170 च्या पुढे गेली.

बरे, दिवस कमी भरले म्हणजे सुटका झाली असेही नाही. अनेक देशांत घर उपलब्ध असणे एवढ्यावरही तुम्ही करनिवासी ठरू शकता. टेनिसपटू बोरिस बेकर यांनी 1991 ते 1993 या काळात आपला निवास मोनॅको या आयकर न घेणाऱ्या छोट्या देशात असल्याचे सांगितले होते, पण म्युनिकमध्ये बहिणीच्या घरी त्यांच्यासाठी खोली होती आणि ते प्रत्यक्षात तिथे राहत होते. 2002 साली म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना करचुकवेगिरीसाठी दोन वर्षांची स्थगित शिक्षा सुनावली. बहिणीकडची एक साधी खोली एवढी महाग पडू शकते.

दोन देश एकाच वेळी तुम्हाला आपला निवासी म्हणू लागले, तर दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का, हे पाहावे. बहुतेक करार एका ठरावीक क्रमाने जातात: कायमचे घर कुठे आहे, दोन्हीकडे असल्यास कुटुंब आणि आर्थिक व्यवहार यांचे केंद्र कुठे आहे, त्यावरही निर्णय न झाल्यास नेहमीचे वास्तव्य कुठे आहे, आणि मग नागरिकत्व. या यादीत रहिवास परवान्याचे नावही नाही. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यावर जगात कुठेही राहिले तरी अमेरिकेचा कर लागू असतो.

‘कळणार कोणाला?’ असेही काहीजण हळूच विचारतात. 2017 पासून शंभराहून अधिक देश टप्प्याटप्प्याने बँकखात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवू लागले आहेत, आणि ती माहिती कोणत्या देशाकडे जाणार हे खातेदाराच्या करनिवासावरून ठरते. गोल्डन व्हिसाच्या आडून ही व्यवस्था चुकवली जाऊ नये म्हणून ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने 2018 साली बँकांना काही प्रश्न सुचवले: हा रहिवास गुंतवणुकीतून मिळाला आहे का, गेल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या देशात 90 दिवसांहून अधिक राहिलात का, आयकर विवरणपत्र कुठे भरलेत? त्या अर्जाखाली सही तुमची असते. खोटे लिहून सही करण्याचा सल्ला मी कधी दिला नाही आणि देणारही नाही.

जुना देश सोडतानाचा हिशेब तर लोक विसरतातच. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा यांसारख्या देशांत विशिष्ट मालमत्ता, मुख्यतः कंपन्यांचे समभाग, तुम्ही निघालात त्या दिवशी विकले असे मानून न मिळालेल्या नफ्यावरही कर आकारला जाऊ शकतो. म्हणून निघण्याची तारीख मी तिकिटाच्या आधी ठरवायला सांगते.

शिवाय नियम बदलतात, आणि अलीकडे फार वेगाने बदलतात. ब्रिटनने गुंतवणूकदार व्हिसा 2022 मध्ये बंद केला, आयर्लंडने 2023 मध्ये. त्याच वर्षी पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग काढून टाकला आणि पुढच्या वर्षापासून ती जुनी करसवलतही नव्या लोकांसाठी थांबवली. स्पेनची योजना 3 एप्रिल 2025 रोजी संपली. ग्रीसमध्ये अडीच लाख युरोंच्या घरखरेदीवर मिळणाऱ्या परवान्यासाठी अथेन्समध्ये आता साधारणतः आठ लाख गुंतवावे लागतात. घरांच्या वाढत्या किमतींनी स्थानिक लोक त्रस्त झाले, हे यातल्या अनेक निर्णयांमागचे कारण आहे आणि मला ते रास्त वाटते. केवळ करसवलतीच्या भरवशावर देश निवडू नका, असे मी म्हणते ते यासाठी.

ज्यांचे दिवस आम्ही दिनदर्शिकेवर मोजले, त्या गृहस्थांनी पुढे परवान्याचा अर्ज वर्षभर लांबवला. त्याआधी मुलीची शाळा बदलली, पत्नीने नव्या शहरात नोकरी धरली आणि जुने घर तीन वर्षांच्या कराराने भाड्याने दिले. तोवर ते घर सजवलेले, रिकामे, ‘कधीही जाता येईल’ म्हणून ठेवलेले होते, आणि नेमके तेच त्यांच्या विरोधात जाणारे होते. भाडेकराराची प्रत घेऊन ते आले तेव्हा घराची किल्ली त्यांच्या खिशात नव्हती. त्या दिवशी आम्ही अर्जाला हात घातला.