डबल १६ शी भांडण: चौदावा आठवडा

म्युनिकमध्ये राहून डार्ट्सचं, म्हणजे बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळाचं, वेड न लागणं अवघड. २०२५ च्या ईस्टरला झेनिथ हॉलमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या युरोपियन टूरची जर्मन डार्ट्स ग्रां प्री बघायला गेलो, तिथूनच हे वेड घरी आलं. आम्ही पार मागच्या लांबलचक बाकांवर. तिथून बोर्ड कुठला दिसतोय, सगळे मोठ्या पडद्याकडेच बघतात. सोमवारी रात्री फायनलमध्ये मायकेल व्हॅन गर्वेनने जियान व्हॅन वेनसमोर नऊ डार्टांत, म्हणजे शक्य तितक्या कमीत कमी डार्टांत, ५०१ चे शून्य केले, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली होती.

आता आमच्याकडचं. तीन डार्टांचं ॲव्हरेज (एका पाळीत सरासरी किती गुण) ४१ वरून ४६ वर आलंय. बरं आहे. टूरवरची मंडळी शंभराच्या आसपास घुटमळतात हे आठवलं की पाय जमिनीवर राहतात.

खरं दुखणं डबलचं, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीचं: तिथे आकड्याच्या दुप्पट गुण मिळतात आणि ५०१ चा डाव तिथेच संपवावा लागतो. ‘बॉब्ज २७’ हा डबलच्या सरावाचा खेळ खेळलो. २७ गुणांनी सुरुवात, डबल १ पासून चढत जायचं, प्रत्येक डबलला तीन डार्ट. लागला तर तेवढे गुण मिळतात, तिन्ही हुकले तर तेवढेच जातात. माझा मंगळवार: २५, २१, २७, १९, ९, आणि डबल ६ ला उणे ३. खेळ खलास. चहा गार व्हायच्या आत!

मग वही काढली. डबल १६ वर २०० डार्ट मारले आणि प्रत्येक कुठे गेला ते लिहिलं. ३२ लागले, ३८ सिंगल १६ मध्ये, २१ शेजारच्या ७ आणि ८ च्या पट्ट्यांत. उरलेले १०९ तारेच्या बाहेर, खाली डावीकडे. म्हणजे हात चुकतोय, पण एकाच दिशेने चुकतोय.

सगळे डबल १६ का धरतात? ३२ उरलेले असताना सिंगल १६ लागला तर १६ उरतात, म्हणजे डबल ८. मग डबल ४, डबल २, डबल १. सतत अर्धं होत जातं, मधे विषम आकडा येत नाही. डबल २० वर मात्र २०, १०, ५ आणि अडकलात. पण हा फायदा आत चुकणाऱ्याला. मी बाहेर चुकतो, त्यामुळे माझे ३२ चे ३२ च राहतात. रडायचं कारण नाही खरं तर: तारेला खेटून बाहेर बसलेला डार्ट पुढच्या दोघांना खूण दाखवतो. माझे मात्र खेटून बसत नाहीत, दोन बोटं लांब जातात. त्या ठिकाणी बोर्डाभोवतीच्या काळ्या फोमची चाळण झालीय.

व्हिडिओ काढला तेव्हा चोर सापडला. डार्ट सुटताच मी हात खाली ओढून घेतो, जणू तव्याचा चटका बसलाय. आता सुटल्यावर बोटं डबलकडे रोखून मनात ‘एक’ म्हणायचं, मगच हात खाली. शुक्रवारी याच पद्धतीने १०० पैकी १९ लागले. १६ टक्क्यांवरून १९. हसू नका.

शनिवारी टूरच्या पद्धतीने सामना लावला: बेस्ट ऑफ ११, म्हणजे आधी ६ लेग (५०१ चे डाव) जिंकायचे, समोर ॲपमधला ५० ॲव्हरेजवाला आभासी खेळाडू. टूरवर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत हेच अंतर, सेमीला ७, फायनलला ८. इतक्या छोट्या सामन्यात दोन लेग हातचे घालवले की सावरायला वेळच नसतो. २०२४ मध्ये बेल्जियममधल्या वीझच्या टूर स्पर्धेच्या फायनलमध्ये ल्यूक लिटलरने रॉब क्रॉसला ८-७ ने हरवलं, सगळा निकाल एका लेगवर आला होता. मी ६-३ ने हरलो. हरलेल्या सहापैकी चार लेगमध्ये डबलवर आधी मीच पोचलो होतो.

दहानंतर फेकणं बंद, खालच्या काकूंना भिंतीतून ‘ठक्’ ऐकू जातं. बोर्डामागे कॉर्कची शीट लावून बघतोय. कोणी लावली असेल तर जाडी किती घेतलीत ते सांगा.