फासळ्यांमधला कोन

आंघोळीनंतर त्याची पाठ पुसत होते. खाली पडलेला मग उचलायला तो वाकला आणि पाठीची डावी बाजू उजवीपेक्षा वर आली. तेव्हा तो 14 महिन्यांचा होता. टॉवेल हातात तसाच धरून मी त्याला आणखी दोनदा मग उचलायला लावला. दोन्ही वेळा तेच.

मी त्याला कायम डाव्या कडेवर घेते, म्हणून असं झालं का, हाच विचार पुढचे चार दिवस डोकं पोखरत राहिला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तो काढून टाकला. कडेवर घेतल्याने असा बाक येत नाही, मोठ्या मुलांना दप्तरामुळेही नाही. मला तिथेच रडू आलं.

बाळाची पाठ जन्मतः गोलसर असते. मान धरली की मानेत, उभं राहू लागलं की कमरेत बाक येतो. बाजूने दिसणारे हे बाक हवेतच. मागून पाहिलं तर मात्र कणा सरळ हवा. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूला झुकतो, शिवाय मणके पिळले जातात आणि तो पीळ फासळ्यांना मागे ढकलतो. मला दिसलेला उंचवटा तोच.

बाकाचा कोन 10 अंश किंवा जास्त असला की स्कोलिओसिस म्हणतात. त्याचा 32 निघाला. मी त्या आकड्यालाच धरून बसले होते, पण डॉक्टरांचं बोट फासळ्यांवर होतं. बाकाच्या मध्यावरच्या मणक्याशी डावी आणि उजवी फासळी किती कोन करते ते मोजायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. फरक 20 अंशांपेक्षा कमी असेल तर इतक्या लहान वयातला बाक बहुतेकदा आपोआप जातो. जास्त असेल तर वाढत जाण्याची भीती. ही रीत लंडनच्या अस्थिशल्यचिकित्सक मिन मेहता यांनी 1972 मध्ये मांडली. आमचा फरक 26 होता. मज्जारज्जूत काही दडलेलं नाही ना, यासाठी एमआरआयही झाला. तो स्वच्छ आला.

‘मोठा झाला की होईल सरळ,’ असं घरातलेच म्हणत होते. मोजल्याशिवाय असं कुणी कुणाला सांगू नये, असं मला आजही कळवळून वाटतं. पहिल्या पाच वर्षांत मानेखालचा कणा साधारण 10 सेंटीमीटर वाढतो, पुढच्या पाचांत त्याच्या निम्माच. वाकड्या कण्याला ही वाढ मिळाली तर बाक वाढतो, फुप्फुसांची जागाही आक्रसते. कणा सरळ धरून ठेवला तर तीच वाढ त्याला सरळ करत नेते. मेहतांनी 2005 मध्ये 136 मुलांच्या उपचारांतून हेच दाखवलं. लवकर सुरुवात झालेल्या मुलांचा बाक जवळजवळ गेला, उशिरा आलेल्यांचा फक्त कमी झाला.

मग प्लास्टरचं जाकीट. भूल देऊन घालायचं, दोन-अडीच महिन्यांनी काढून नवं. पोटावर श्वासासाठी आणि जेवणासाठी खिडकी कापलेली. आंघोळ बंद, नुसतं पुसून घ्यायचं. बिस्किटाचा चुरा आत गेला की तो रात्रभर चुळबुळ करायचा आणि मी टॉर्च घेऊन आत बघत बसायचे. तिसऱ्या जाकिटात तो धावायला लागला.

अशी सहा जाकिटं झाली. शेवटचं निघालं तेव्हा कोन 9 अंश होता. आता पट्टा आहे, आणि दर सहा महिन्यांनी एक्स-रे. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्याच्या पाठीवर पाणी पडलं, तो दचकून मला बिलगला. मग शांत झाला. मी मुद्दाम मग खाली टाकला.