टोळी टिकते कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटा, बाजार समितीत भेटा, नाहीतर औषधांच्या दुकानात भेटा, दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार पाच मिनिटांत एकाच विषयावर येतो. "वहिनी, माणसंच मिळत नाहीत हो. तुमची मजुरांची टोळी दर वर्षी परत येते, ती कशी?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते. माणसं आहेत. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या दिवसांत सकाळी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात जाऊन बघा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून जीपा भरभरून येतात. कमी पडतं ते बागेचं काम जाणणारं माणूस. आणि ते कमी पडतं याला बऱ्याच अंशी आपण बागवालेच जबाबदार आहोत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

छाटणीचंच घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नवीन फूट निघते, ती सातव्या पानावर खुडायची, मग बगलफूट पुढे चालवून पाचेक पानं घ्यायची. जिथे हा जोड होतो तिथे गाठ दिसते, तिला आपण सबकेनची गाठ म्हणतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत कात्री कुठे लावायची हे त्या गाठीवरून ठरतं, कारण घडाचा डोळा, म्हणजे ज्यातून घड फुटतो तो कोंब, बहुतेक तिथेच आसपास असतो. कात्री एक-दोन डोळे मागे पडली की काडीला नुसता पाला येतो आणि त्या काडीचं वर्ष जातं. एकरात हजाराच्या घरात वेली असतात. वेलीला 30 काड्या धरल्या तरी एकरी 30,000 वेळा कात्री चालते, आणि दर वेळी हातात कात्री असलेलं माणूस डोळा बघून निर्णय घेतं. हे काम करणाऱ्याला आपण मजूर म्हणतो आणि पाला गोळा करणाऱ्यालाही मजूरच म्हणतो. हजेरीच्या वहीत दोघांचा रकाना एक.

मी हे शिकले ते एका रात्रीमुळे. बाग माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्या वर्षी. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे काडीच्या डोळ्यांना ते औषध लावणं, चाललं होतं. टोळीत विशीतला एक मुलगा होता. दिवसभर त्याने उघड्या हातांनी पेस्टिंग केलं आणि संध्याकाळी दोन घोट दारू घेतली. तासाभरात तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, श्वास घेता येईना. गाडीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आज काय हाताळलं?" हे औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर असंच होतं. बाटलीसोबतच्या कागदावर ते छापलेलं होतं. टोळीत वाचणारं कोणी नव्हतं, आणि ज्या मला वाचता येतं त्या मी ते वाचून दाखवलं नव्हतं. मुलगा वाचला. पण त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर बसून होती, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढे 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक जण गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला फार तर रुमाल. बातमी वाचताना मला ती पायरीच आठवत होती.

त्या रात्रीनंतर दर वर्षी पेस्टिंगच्या दिवशी सकाळी सगळ्यांना समोर बसवून मी ते औषध समजावून सांगते. हातमोजे कशाला, आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवसही दारू का नको, डोळ्यात उडालं तर काय करायचं. ही अर्ध्या तासाची बैठक हजेरीत धरते. शिकायची वेळ आपण कामाच्या बाहेर टाकली की ती कोणालाच परवडत नाही.

आता शिकाऊ ओळीविषयी. आमच्याकडे विहिरीकडच्या तीन ओळी शिकणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. कारण सांगते. छाटणीचं काम उक्तं जातं, एकरी भाव ठरतो. भाव ठरला की टोळीला घाई. त्यात नवीन माणूस म्हणजे खोळंबा, म्हणून मुकादम त्याला पाला ओढायला लावतो. दहा-दहा वर्षं पालाच ओढणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत, कात्री त्यांच्या हातात कोणी दिलीच नाही. म्हणून त्या तीन ओळी मी उक्त्यातून काढल्या. तिथे नवीन माणसाला आठ दिवस रोजाने घेते आणि शिकवणाऱ्या जुन्या माणसाला रोजावर वेगळे पैसे देते. आठ दिवसांनी काम जमलं की त्याच हंगामात भाव वाढतो. पुढच्या वर्षावर ढकलत नाही. सासरे पहिल्यांदा म्हणाले होते, "शिकवायचं आपण आणि उद्या जायचं शेजाऱ्याकडे." काही जण गेलेही. त्यातले काही परत आले. जे आले नाहीत त्यांनी शेजाऱ्याची बाग तरी नीट छाटली.

टोळीत पेठ तालुक्यातली एक मावशी आहे, चौदा वर्षं विरळणी करते, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढते. तीन वर्षांपूर्वी कृषी महाविद्यालयाच्या कृषिकन्या गावात आल्या होत्या. चौथ्या वर्षाला त्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. त्यातल्या एकीला मी मावशीच्या शेजारी उभं केलं. मावशीने तिच्या हाताला हात लावून दाखवलं: डाव्या हाताची दोन बोटं घडाला नुसती टेकवायची, मूठ करायची नाही. कात्रीचं टोक आतून बाहेर यावं. राहणाऱ्या मण्याला खरचटलं तर मण्यासोबत डाग मोठा होतो. आधी दाटीतली पाकळी, म्हणजे घडाची छोटी फांदी, मग आतले बारके मणी. मुलीने पहिल्या घडाला सात-आठ मिनिटं घेतली. मग मावशीने न मोजता एक घड केला, आणि मुलीने हौसेने त्यातले मणी मोजले. 112 निघाले. निर्यातीच्या घडात शंभर-सव्वाशे ठेवा असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

दुपारी भाकरी खाताना मुलीने मावशीला जीए, म्हणजे घड ज्यात बुडवतात ते जिबरेलिक ॲसिड, काय असतं ते सांगितलं. मण्याची लांबी-जाडी त्याने कशी वाढते, म्हणून आधी जागा का करावी लागते, आणि अवस्था चुकली तर काय होतं. मावशी म्हणाली, "मंग ते रोगाचं औषध नव्हं?" इतकी वर्षं तिने हजारो घड त्या पाण्यात बुडवले होते आणि कशासाठी हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी डिपिंगला, म्हणजे घड बुडवायच्या वेळी, तिने डबा खाली ठेवला आणि मला हाक मारली. "वहिनी, या ओळीचे मणी अजून बाजरीएवढे नाही झाले. आज नको." मी जाऊन बघितलं. ओळ झाडाच्या सावलीत होती, दोन दिवस मागे. तिचं बरोबर होतं.

लोक मला प्रमाणपत्राविषयीही विचारतात. भारतीय कृषी कौशल्य परिषद 2013 पासून आहे. अनुभवाने शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनेत केलेली आहे. ते चांगलंच आहे. पण आपल्याकडे टोळी ठरवताना कागद कोणी मागत नाही, "कोणाच्या बागेत काम केलं?" एवढंच विचारतात. बागाईतदाराने त्या कागदाला रोजावर जास्तीचे पैसे लावले तरच त्याला किंमत येईल. एकीकडे चार वर्षांची कृषी पदवी, दुसरीकडे पाला ओढणारी बाई, आणि मध्ये चढायला पायऱ्या फार थोड्या. दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी तंत्र पदविका ही त्यातली एक चांगली पायरी आहे, मराठीतून शिकता येते. मावशीची धाकटी दहावी झाली तेव्हा मी मायलेकींना घेऊन स्वतः अर्ज भरायला गेले. ड्रोन चालवण्याच्या परवान्यालाही दहावी लागतेच. त्यामुळे टोळीसोबत आलेली मुलं शाळेतून तुटू नयेत, याकडे आम्ही बागवाल्यांनी आधी लक्ष द्यायला हवं.

आणि शेवटचं, जे ऐकून बहुतेक जण नाराज होतात. जुलैत आवणी असते. ही माणसं आपल्या घरी जातात, भात लावतात, नागली लावतात. त्या वेळी बागेत काही काम अडलं तरी मी फोन करत नाही. ती त्यांची शेती आहे. त्यांची आवणी मी अडवली नाही, म्हणून सप्टेंबरात त्यांचा फोन येतो, "वहिनी, कधी निघू?" उचल मी देते, पण उचलीच्या जोरावर कोणाला बांधून ठेवत नाही.

या वर्षी गोडी छाटणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरली आहे. बघायचं असेल तर पहिल्या दोन दिवसांत या, सकाळी सात वाजता, विहिरीकडच्या बाजूने. तुमच्या टोळीतलं एखादं नवीन माणूस सोबत आणलंत तर मावशी त्याला आपल्या ओळीत घेईल. त्याच्या दोन दिवसांच्या रोजाचं आपण दोघांत अर्धं अर्धं बघू.